जुने टपाल कोणी काढायचे?

देवळाली प्रवरा हे राहुरी तालुक्यातील नगरपरिषदेचे गाव. तेथील एखाद्या शेतकऱ्याने जमिनीच्या नोंदीसाठी अर्ज केला, तर तो कागद तलाठी, तहसील आणि गरज पडल्यास जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर), असा प्रवास करतो. प्रत्येक मुक्कामी त्याची आवक बारनिशीत नोंद होते, त्याला क्रमांक मिळतो, तो एखाद्या टेबलावर जातो. काम झाले तरी कागद नाहीसा होत नाही. तो एखाद्या गठ्ठ्यात बसतो, गठ्ठा कपाटात जातो, कपाट भरले की कपाटाच्या वर. अशी काही दशके लोटली, की कार्यालयात माणसांपेक्षा कागदांना जास्त जागा लागते, आणि हवा असलेला कागद तेवढा सापडत नाही.

संगणकीय टपालाचेही नेमके हेच होते. फरक एवढाच, की येथे कपाटाच्या जागी चुंबकीय तबकडी असते, आणि गठ्ठे उपसण्याचे काम एक छोटासा प्रोग्रॅम रात्री कोणी जागे नसताना करून टाकतो. हा यंत्राचा झाडू कसा जन्माला आला, तो कोणत्या नियमाने चालतो आणि त्याच्या हाती काय द्यावे, काय देऊ नये, हे समजून घेण्यासाठी आधी नगरच्याच कागदांकडे पाहू.

नगरचा प्रयोग

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी आपल्या कार्यालयाच्या कामकाजाची जी फेरमांडणी केली, ती पुढे महाराष्ट्रभर ‘लखिना पॅटर्न’ या नावाने ओळखली गेली. बसण्याच्या जागा, कामाची वाटणी, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण, आलेल्या माणसाला नेमके कोठे जायचे ते कळावे अशी सोय, या साऱ्यांबरोबर जुन्या कागदांची वर्गवारी हा त्या प्रयोगाचा महत्त्वाचा भाग होता. वरवर पाहता ही केवळ साफसफाई वाटेल. पण वर्षानुवर्षे साठलेले कागद काढायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो असा: यातला कोणता कागद काढायचा, आणि ते ठरवायचे कोणी?

या प्रश्नाचे उत्तर सरकारी दप्तरात फार पूर्वीपासून तयार आहे. शिक्षक वाचकांना ते चांगलेच परिचयाचे असेल. ‘अ’ वर्गाचा कागद कायम जपायचा. ‘ब’ वर्गाचा ३० वर्षे. ‘क’ वर्गाचा साधारणपणे १० वर्षे, त्यातलाच एक उपवर्ग ५ वर्षे. ‘ड’ वर्गाचा कागद वर्षभराने नष्ट करायचा. शाळेचे जनरल रजिस्टर कायमचे, आणि एखाद्या बैठकीला हजर राहण्याची सूचना वर्षभराची. ७० वर्षांचे आजोबा जन्मतारखेच्या पुराव्यासाठी शाळेत येतात, तेव्हा ‘अ’ वर्गाचा अर्थ आपोआप कळतो.

या वर्गवारीला जोडून सहा गठ्ठ्यांची पद्धत आपल्या कार्यालयांत रूढ आहे. प्रलंबित प्रकरणे, उत्तराची वाट पाहणारी प्रतीक्षाधीन प्रकरणे, ठरावीक मुदतीने पाठवायची नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद असे ते सहा गठ्ठे. या मांडणीतली खुबी लक्षात घेण्याजोगी आहे. कागद किती जुना किंवा किती जाड, हे येथे आधी विचारले जात नाही. तो कशासंबंधी आहे हे आधी पाहायचे, त्यावरून वर्ग ठरवायचा, आणि मग त्या वर्गाची मुदत मोजायची. म्हणजे निर्णय माणसाने कागद हाती असतानाच घेतलेला असतो. मुदत संपल्यावर उरते ते केवळ अंमलबजावणीचे काम.

पेटी म्हणजे एक फाइल

आता संगणकाकडे वळू. १९६५ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत एकच मोठा संगणक अनेक जण आपापल्या टंकयंत्रावरून वापरत असत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर ‘मेल’ नावाची आज्ञा लिहिली. तिचे काम साधे होते. ज्याला निरोप द्यायचा त्याच्या नावाच्या फाइलला शेवटी तो मजकूर जोडून द्यायचा. पुढे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवून दाखवला आणि नाव व संगणक यांच्यामध्ये आज सर्वपरिचित असलेले ‘ॲट’ हे चिन्ह घातले.

‘पेटी’ म्हणजे प्रत्यक्षात एक फाइल, ही गोष्ट महत्त्वाची आहे. निरोप आला की फाइल लांबते. सर्वांच्या अशा फाइली एकाच तबकडीच्या एकाच भागात असत. गावातल्या सामाईक हौदासारखी ही व्यवस्था. एकाने पिंपेच्या पिंपे भरून नेली तर हौद सर्वांसाठी कोरडा पडतो. येथे उलट घडते. एकाच्या पेटीत भलेमोठे पत्र येऊन पडले तर तबकडी भरते, आणि मग ज्याची काही चूक नाही त्याचेही टपाल आत येऊ शकत नाही.

या अडचणीची चाहूल लवकर लागली होती. इंटरनेटच्या नियमांचे लेखन ज्यांनी आयुष्यभर सांभाळले त्या जॉन पोस्टेल यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये एक छोटे टिपण लिहिले. नको असलेल्या टपालाचा प्रश्न हाच त्याचा विषय होता. पत्र नाकारण्याची सोयच नसेल तर नादुरुस्त किंवा त्रासदायक संगणकापुढे घेणारा संगणक हतबल होतो, हा त्यातला मुद्दा. म्हणजे ‘काय ठेवायचे’ याच्याही आधी ‘काय आत घ्यायचे’ हा प्रश्न उभा राहिला.

मुंबईतली सुरुवात

भारतात संगणकीय टपालाची पायाभरणी मुंबईत झाली असे म्हणायला हरकत नाही. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ‘अर्नेट’ म्हणजे शिक्षण व संशोधनासाठीचे जाळे हाती घेतले. त्यात पाच आय. आय. टी., बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, खुद्द इलेक्ट्रॉनिक्स विभाग आणि मुंबईत जुहू येथील ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’ ही संस्था होती. डॉ. श्रीनिवासन रामाणी या संस्थेचे संचालक होते. १९८७ च्या सुमारास जुहूची ही संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून टपाल जाऊ-येऊ लागले. पुढे परदेशाशी जोडणी झाली, तीही प्रथम जुहूहूनच. सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने सेवा सुरू केल्यावर.

त्या सुरुवातीच्या काळात संगणक एकमेकांना सतत जोडलेले नसत. ठरावीक वेळी एक संगणक दुसऱ्याला फोन लावी, साठलेले टपाल देई, तिकडचे घेई आणि फोन ठेवी. पत्र असे टप्प्याटप्प्याने पुढे जाई. आपल्या टपाल खात्याचे थैले एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जातात तसेच. आता थोडे गणित करू. हे वर्गातही करून घेण्याजोगे आहे.

२४०० बिट वेगाचा मोडेम सेकंदाला २४०० बिट पाठवतो. एका अक्षराला ८ बिट, आणि आरंभ व शेवट कळावा म्हणून आणखी २, असे १० बिट धरले तर सेकंदाला २४० अक्षरे जातात. २४०० अक्षरांचे पत्र १० सेकंदांत गेले. पण कोणी १० लाख अक्षरांची, म्हणजे सुमारे एक मेगाबाइटची फाइल पाठवली तर? १० लाख भागिले २४०, म्हणजे जवळपास ४१६७ सेकंद. सव्वा तासाला थोडे कमी. एवढा वेळ टेलिफोनची एकुलती एक तार अडकलेली. मध्येच ती तुटली, आणि तो काळ आठवणाऱ्यांना ती किती वेळा तुटे ते सांगायला नको, तर बऱ्याचदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मागे रांगेत उभ्या असलेल्या शंभर छोट्या पत्रांनी तोवर वाट पाहायची. मोठ्या पत्रांवर मर्यादा का आली, हे या भागाकारातूनच कळते.

सात दिवसांची मुदत

टप्प्याटप्प्याच्या या टपालात आणखी एक पेच होता. पुढचा संगणक फोनच उचलत नसेल तर पत्राचे काय करायचे? वाट पाहायची, हे खरे. पण किती दिवस?

युनिक्स या प्रणालीवर अशा टपालासाठी जी व्यवस्था होती तिची नवी आवृत्ती १९८३ मध्ये पीटर हनीमन, डेव्हिड नोविट्झ आणि ब्रायन रेडमन यांनी तयार केली. तिच्यासोबत साफसफाईचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असे. तो ठरलेल्या वेळी आपोआप चाले आणि रांगेतल्या कामांची वये तपासी. काम एक दिवस रखडले असेल तर पाठवणाऱ्याला सावधगिरीची सूचना. सात दिवस झाले तर ते रांगेतून काढायचे आणि तसे पाठवणाऱ्याला कळवायचे. मुदती बदलता येत, पण मुळात दिलेले आकडे हेच होते.

सात दिवस हा आकडा आपल्याला ओळखीचा वाटेल. पत्ता सापडत नाही किंवा घेणारा गावाला गेलेला आहे, अशा वेळी आपल्या पोस्टातही पत्र साधारणपणे सात दिवस ठेवून मग पाठवणाऱ्याकडे परत करतात. पाठवणाऱ्याचाही पत्ता नसेल तर ते खास कचेरीत जाते, आणि तेथे अधिकार दिलेला माणूस ते उघडून आत पत्ता मिळतो का हे पाहतो. दोन्ही व्यवस्थांमागचे तत्त्व एकच. पत्र पोहोचवता येत नसेल तर ते गुपचूप टाकून द्यायचे नाही. ज्याने पाठवले त्याला कळलेच पाहिजे.

संगणकीय टपालाच्या नियमांत हे तत्त्व स्पष्टपणे आले. ऑगस्ट १९८२ मध्ये पोस्टेल यांनीच लिहिलेल्या नियमावलीत पत्र देताना-घेताना संगणकांनी एकमेकांना सांगायचे क्रमांक ठरवले आहेत. त्यातला ५५२ हा क्रमांक म्हणजे ‘ठरलेल्यापेक्षा जास्त जागा लागते आहे, काम थांबवले’. १९८९ च्या नियमावलीने सांगितले, की पत्र पोहोचवण्याचे प्रयत्न किमान चार-पाच दिवस तरी सोडू नयेत. शनिवार-रविवारी बंद राहिलेला संगणक सोमवारी सुरू झाला, तरी पत्र मिळावे एवढी ही मुदत आहे.

येथे एक गमतीचा पेच उद्भवतो. पत्र परत आल्याची सूचना हेसुद्धा एक पत्रच. तेही पोहोचले नाही तर? त्याचीही सूचना निघेल, मग त्या सूचनेची सूचना, आणि दोन संगणक रात्रभर एकमेकांना ‘पोहोचले नाही’ असे कळवत तबकडी भरून टाकतील. यावर काढलेला तोडगा फार साधा आहे. परतीच्या सूचनेवर पाठवणाऱ्याच्या पत्त्याची जागा मुद्दाम रिकामी सोडायची. पत्ताच नाही, म्हणून परत पाठवणेही नाही. साखळी तेथेच तुटते.

पत्र फुगते कसे

१९९२ साली नेथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी पत्राला चित्र, आवाज, कोणतीही फाइल जोडण्याची सर्वमान्य रीत मांडली. तोवरचे टपाल केवळ साध्या इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले होते. त्यातून चित्र न्यायचे म्हणजे चित्राचे बिट साध्या अक्षरांच्या वेशात पाठवायला हवेत. त्यासाठी ३ बाइट घेऊन त्यांची ४ अक्षरे करतात. म्हणजे जोडलेली वस्तू एकतृतीयांशाने फुगते. आपली वर पाहिलेली १० लाख बाइटची फाइल प्रवासात १३ लाखांहून जास्त होते, आणि सव्वा तासाचे दीड तास होतात.

देवनागरीचेही असेच. आजच्या प्रचलित रीतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना आणि मात्रासुद्धा, ३ बाइट घेते. ‘देवळाली’ या शब्दात द, मात्रा, व, ळ, काना, ल आणि दुसरी वेलांटी अशी ७ चिन्हे आहेत. म्हणून २१ बाइट, आणि वरील पद्धतीने पाठवल्यास २८ अक्षरे. मुलांना आपापल्या गावाचे नाव घेऊन हा हिशेब करायला सांगावा.

जोडपत्रे आली तशी मोठ्या पत्रांची अडचण वाढली. जुन्या रीतीत घेणाऱ्या संगणकाला पत्र पूर्ण आल्याशिवाय ते किती मोठे आहे हे कळतच नसे. दीड तास पत्र घ्यायचे आणि शेवटी ‘जागा नाही’ म्हणायचे! १९९३ मध्ये मांडलेल्या व १९९५ मध्ये पक्क्या झालेल्या सुधारणेने पाठवणाऱ्या संगणकाला सुरुवातीलाच आकार सांगण्याची सोय दिली. ‘माझ्याकडे एवढ्या बाइटचे पत्र आहे, घेणार का?’ असे तो विचारतो, आणि नकार दारातच मिळतो. पार्सल घेऊन खिडकीशी गेल्यावर आधी वजन करतात, तसेच हे.

यंत्राला काय कळत नाही

येथपर्यंत सारे ठीक आहे. दारात नकार दिला, किंवा मुदत संपल्यावर परत पाठवले, तर पाठवणाऱ्याला कळते आणि तो दुसरा मार्ग शोधतो. खरा प्रश्न पुढचा आहे. जे पत्र पोहोचले, पेटीत पडले, ते जुने किंवा मोठे आहे म्हणून यंत्राने आपोआप काढावे का?

यंत्राला दोनच गोष्टी बिनचूक कळतात, तारीख आणि आकार. नगरच्या दप्तरात ज्याने सुरुवात होते ते विचारणे, म्हणजे ‘हे कशासंबंधी आहे?’, त्याला जमत नाही. म्हणून एक वर्षाहून जुने ते काढ असा नियम दिला, तर बैठकीची सूचना आणि नेमणुकीचा आदेश त्याला सारखेच. पाच मेगाबाइटहून मोठे ते काढ म्हटले, तर सणाच्या शुभेच्छांचे रंगीत चित्र आणि स्कॅन केलेले जनरल रजिस्टर सारखेच. वय आणि आकार म्हणजे महत्त्व नव्हे.

जुन्या कागदांची किंमत कशी कळते याचा धडा मराठी माणसाला वि. का. राजवाडे यांनी दिला आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. तो वाईला सापडलेल्या जुन्या पत्रांवर आधारलेला होता, आणि पानिपतच्या काळाचा इतिहास त्यातून नव्याने दिसला. ती पत्रे लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने रोजचेच टपाल होते. खर्च, दाणागोटा, मुक्काम, निरोप. १७६१ नंतर एखाद्या झाडूने ‘वर्षाहून जुने’ म्हणून ती काढली असती तर? पुण्याच्या पेशवे दप्तरातून गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड काढले, तेही अशाच साठलेल्या रुमालांतून.

पण याचा अर्थ सगळेच ठेवावे असाही नाही. अर्जाचा कागद ढिगात सापडत नाही तोवर देवळालीच्या शेतकऱ्याचे काम अडते, आणि ढीग न उपसणे हाही त्याच्यावर अन्यायच. १ एप्रिल २००४ रोजी गूगलने एक गिगाबाइटची टपालपेटी जाहीर केली, तेव्हा हॉटमेलची फुकट पेटी २ मेगाबाइटची होती. एकदम पाचशे पट जागा मिळाली आणि काही टाकायचे कारणच उरले नाही असे लोकांना वाटले. आज तीही पेटी फोटो व फाइलींसकट भरते, आणि भरली की नवे टपाल आत येत नाही. केराच्या टोपलीत टाकलेले पत्र तेथून ३० दिवसांनी आपोआप जाते. दोन वर्षे न उघडलेले व्यक्तिगत खाते तर डिसेंबर २०२३ पासून पूर्णच पुसले जाऊ शकते. झाडू नाहीसा झालेला नाही. तो आता परक्याच्या हाती आहे, एवढेच.

शाळेच्या पेटीसाठी

आज अनेक शाळांचे परिपत्रक, शिष्यवृत्तीची यादी, परीक्षा मंडळाचा पत्रव्यवहार अशाच एखाद्या फुकट खात्यावर येतो. ते खाते बऱ्याचदा ज्या शिक्षकाने उघडले त्याच्या नावावर असते. तो बदलून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. कागदी दप्तराचा कार्यभार देताना आपण यादी करून सह्या घेतो, तशी या पेटीची कोणी करत नाही. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेखांविषयीचा कायदा २००५ चा आहे, आणि संगणकावर तयार झालेली सामग्रीही अभिलेखच समजली जाते.

म्हणून सहा गठ्ठ्यांची जुनी रीत येथेही वापरून पाहावी. पेटीत सहा कप्पे करता येतात. आलेले पत्र वाचतानाच त्याचा वर्ग ठरवून ते योग्य कप्प्यात टाकावे. ‘अ’ आणि ‘ब’ वर्गाचे जे असेल ते छापून किंवा दुसऱ्या तबकडीवर उतरवून शाळेच्या दप्तरात घ्यावे, बारनिशीत त्याची नोंद करावी. मग ‘ड’ च्या कप्प्यापुरता ‘वर्षाहून जुने ते काढ’ हा हुकूम यंत्राला खुशाल द्यावा. मोठी जोडपत्रे पाठवण्याआधी त्यांचा आकार पाहावा. आणि पेटीची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कार्यभाराच्या यादीत यावा.

मुलांनाही यात घेता येईल. वर्गातल्या एका कपाटातले कागद काढून त्यांनी गट पाडून त्यांची वर्गवारी करावी, आणि प्रत्येक कागदाच्या बाबतीत तो ठेवायचा की टाकायचा याचे कारण एका वाक्यात लिहावे. एकाच कागदाबद्दल दोन गटांचे मत वेगळे पडेल, तेथे थांबून चर्चा करावी. तो कागद ३० वर्षांनी कोणाला लागेल, हा प्रश्न त्या वेळी आवर्जून विचारावा.